धूम्रपान-त्यागाची पूर्वतयारी

विडी किंवा सिगारेट सोडण्याचा निश्चय केलेला मनुष्य शोधावयास फार दूर जावे लागत नाही. तो कारखान्यात आहे, कचेरीत आहे, रिक्षा-थांब्यावर आहे आणि पुष्कळदा आपल्या घरातही आहे. त्याने हा निश्चय एकदा नव्हे, अनेकदा केलेला असतो. गुढीपाडव्याला केला, आषाढी एकादशीला केला, मुलीच्या जन्माच्या दिवशी केला. आणि बहुधा तिसऱ्या दिवशी तो मोडला. निश्चय मोडला की हा मनुष्य स्वतःला दुबळा समजू लागतो, घरची मंडळी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवीनाशी होतात, आणि पुढचा प्रयत्न वर्ष-दोन वर्षे लांबणीवर पडतो. वस्तुतः उणीव निश्चयाची क्वचितच असते. उणीव असते ती तयारीची. शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो ती नांगरट आणि कुळवणी आटोपून. लग्नकार्य असो की पंढरीची वारी असो, पूर्वतयारीवाचून कोणी घराबाहेर पाऊल टाकीत नाही. मात्र वीस वर्षांची सवय एका रात्रीत, हाती काहीएक साधन नसताना सुटावी, अशी अपेक्षा धरण्यात येते. ती फलद्रूप होत नाही यात नवल ते कोणते?

पिंपरीहून पवना नदीवरचा पूल ओलांडला म्हणजे काळेवाडी लागते. नावाप्रमाणेच ही मूळची वाडी. परंतु भोवताली कारखाने उभे राहिले आणि वाडीचे दाट वस्तीचे उपनगर झाले. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. त्यामागून मोटारी, यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने आकुर्डी, भोसरी आणि पुढे चाकणपर्यंत पसरत गेले. १९७० साली पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आली व १९८२ साली महानगरपालिका झाली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि परप्रांत येथून कामासाठी आलेली कुटुंबे काळेवाडीसारख्या वस्त्यांत एक-दोन खोल्यांची बिऱ्हाडे करून राहिली. अशा वस्तीतील कामगाराचे जीवन पाळीवर चालते. एका आठवड्यात पहाटे उठावयाचे, दुसऱ्यात मध्यरात्री घरी यावयाचे, तिसऱ्यात रात्रभर जागावयाचे. कारखान्याच्या आवारात धूम्रपानास मनाई असते. म्हणून पाळी सुटली की फाटकाबाहेरच्या टपरीवर पाय आपोआप वळतात. एका हातात अर्ध्या कपाचा कटिंग चहा, दुसऱ्या हातात सिगारेट आणि भोवती चार सोबती, हेच तेथले विश्रांतीचे रूप. धूम्रपान सोडू पाहणाऱ्याला केवळ तंबाखू सोडावयाची नसते; दिवसातील ही एकुलती एक मोकळी घटका नव्याने बसवावयाची असते. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे त्याचे काम इतके अवघड का, याचा उलगडा होतो.

तंबाखू ही या भूमीतली वनस्पती नव्हे. पोर्तुगीजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनेत रुजली. अकबराचा वकील असदबेग याने १६०४ च्या सुमारास ती विजापुराहून मोगल दरबारात नेली, आणि पुढे १६१७ साली जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. बंदी टिकली नाही, तंबाखू टिकली. चिलीम, गुडगुडी, तपकीर, मिश्री, विडी आणि शेवटी सिगारेट, अशी तिची रूपे मात्र पालटत गेली.

ती टिकली याचे कारण तिच्यातील निकोटिन नावाच्या द्रव्यात आहे. धुराचा झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत हे द्रव्य मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे क्षणिक सुखाची भावना उत्पन्न करते. रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते, आणि मग मेंदू पुन्हा मागणी करू लागतो. ही मागणी अस्वस्थता, चिडचीड व बेचैनी या रूपांनी प्रकट होते. सिगारेट ओढताच ती शमते. त्यामुळे सिगारेटने मन शांत होते, अशी ओढणाऱ्याची प्रामाणिक समजूत होते. खरे पाहता, जी अस्वस्थता सिगारेटने दूर केली ती मागच्या सिगारेटनेच निर्माण केलेली असते. कर्ज फेडण्यासाठी त्याच सावकाराकडून नवे कर्ज काढावे, तसला हा व्यवहार होय.

निकोटिनाची ही साखळी शरीराची झाली. दुसरी साखळी मनाची. चहा, पाळी सुटल्याचा भोंगा, जेवणानंतरची वेळ, विशिष्ट मित्र, विशिष्ट वळण, या प्रत्येकाशी धुराची गाठ शेकडो वेळा मारली गेलेली असते. शरीराची साखळी काही आठवड्यांत सैल पडते. मनाची मात्र महिनोन् महिने राहते, आणि तिची कडी कोणत्या ठिकाणी अडकली आहे हे ठाऊक नसेल तर ती अवचित खेचते. कोणत्याही मदतीवाचून, केवळ मनाच्या बळावर सोडू पाहणाऱ्यांपैकी सहा महिने ते एक वर्ष न ओढता राहणारे शंभरात तीन ते पाचच असतात, असे अभ्यासकांना आढळून आले आहे. हा आकडा निराश होण्यासाठी सांगावयाचा नाही. मदत व तयारी यांची किंमत किती आहे, एवढेच त्यावरून समजावे.

तयारीचे पहिले पाऊल म्हणजे मोजदाद. दिवसाला किती ओढता, असे विचारले असता ‘पाचसहा’ हे उत्तर सर्रास मिळते; ती मोजून पाहिली तर संख्या बारा-पंधरावर जाते. टपरीवरून एकेक सुटी सिगारेट घेणाऱ्याला तर आपला हिशेब मुळीच कळत नाही. शिवाय पाकिटाच्या ८५ टक्के भागावर छापलेला सचित्र इशाराही त्याच्या दृष्टीआड राहतो. महाराष्ट्र शासनाने २०२० साली सुट्या सिगारेटी व विड्या विकण्यास मनाई केली, तिच्यामागे हेच कारण होते. म्हणून सोडण्याच्या आधी आठवडाभर खिशात एक छोटी वही बाळगावी. प्रत्येक वेळी ओढण्यापूर्वी वेळ, जागा, सोबत कोण आणि त्या क्षणी मनाची स्थिती कशी, हे चार शब्दांत टिपून ठेवावे. ओढण्यावर बंधन घालावयाचे नाही, केवळ नोंद करावयाची. आठवड्याच्या अखेरीस ही वही वाचली म्हणजे कोणत्या सिगारेटी शरीराने मागितल्या, कोणत्या चहाने मागितल्या आणि कोणत्या केवळ मित्राने पुढे केल्या म्हणून ओढल्या गेल्या, हे आरशासारखे स्पष्ट होते. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर खर्च मांडावा. समजा, एक सिगारेट दहा रुपयांना पडते आणि दिवसाकाठी दहा लागतात. तर दिवसाचे शंभर, महिन्याचे तीन हजार आणि वर्षाचे साडेछत्तीस हजार रुपये धुरात जातात. काळेवाडीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची जरुरी नाही.

दुसरे पाऊल दिवस ठरविण्याचे. दिवस फार लांबचा असू नये. एक ते दोन आठवड्यांच्या आतला असावा. पुष्कळांची अशी समजूत असते की रोज एकेक कमी करीत गेल्यास सवय आपोआप सुटेल. इंग्लंडात ६९७ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात या समजुतीची परीक्षा घेण्यात आली. ठरल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी चार आठवड्यांनंतर ४९ टक्के न ओढता राहिले, तर हळूहळू कमी करीत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. दोन्ही गटांना औषधांची व समुपदेशनाची मदत होती, हेही येथे लक्षात ठेवावे. तात्पर्य, तयारीला वेळ द्यावा. परंतु सोडावयाचे ते एका ठरलेल्या दिवशी, पूर्णपणे.

हा दिवस पाळी पाहून निवडावा. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. ते रात्रपाळीत आले तर अपुरी झोप आणि निकोटिनाचा अभाव अशी दुहेरी झुंज द्यावी लागते. या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते. दिवसपाळीच्या आठवड्यातील गुरुवार हा अशा कामासाठी सोईचा. मात्र सुटीचा दिवस रिकामा ठेवू नये. मुलांना घेऊन देहूला जावे, घरातले रखडलेले काम काढावे, गावाकडच्या मंडळींना भेटून यावे. सणाचा किंवा वारीचा दिवस निवडण्यासही हरकत नाही. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीस मुक्काम करते, तेव्हा या भागातील कित्येकजण व्रते घेतात. व्रताने मनाला मोठा आधार मिळतो. फक्त त्या आधाराखाली आधीच्या आठवड्याची तयारी असावी.

तिसरे पाऊल म्हणजे माणसांना विश्वासात घेणे. गुपचूप सोडणाऱ्याला गुपचूप पुन्हा सुरू करणेही सोपे जाते. घरी पत्नीस, आईस, मुलांस दिवस सांगावा, आणि त्याबरोबर हेही सांगावे की पहिले काही दिवस स्वभाव तिखट होईल, तो मनावर घेऊ नये. घरच्यांनीही पाळत ठेवणे, वास घेणे, टोमणे मारणे यांपासून दूर राहावे. कारण संशयाने चिडलेला मनुष्य प्रथम टपरीकडेच जातो. टपरीवरच्या सोबत्यांपैकी एकाला तरी बाजूला घेऊन सांगावे, “भाऊ, परवापासून मी सोडतोय. मी मागितली तरी मला देऊ नकोस.” असा एक मित्र दहा उपदेशांहून अधिक उपयोगी पडतो. त्याच पाळीतला आणखी एखादा जोडीला तयार झाला, तर उत्तमच.

चौथे पाऊल चहाविषयी आहे, आणि ते सहसा कोणी सांगत नाही. तंबाखूच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतील कॅफिनचा निचरा जलद करते. धूर बंद झाला की हा वेग उतरतो, आणि नेहमीइतकाच चहा प्याला तरी शरीरात कॅफिन अधिक साठून राहते. परिणामी छाती धडधडते, हात कापतात, झोप लागत नाही. आणि हा सारा त्रास सिगारेट सोडल्याचा आहे असे समजून मनुष्य पुन्हा तिच्याकडे धाव घेतो. म्हणून ठरल्या दिवसापासून चहाचे प्रमाण साधारण निम्मे करावे. शक्य तर पहिले दोन-तीन आठवडे टपरीऐवजी कँटीनमध्ये, किंवा घरून नेलेल्या थर्मासमधून तो घ्यावा. टपरी कायमची सोडावयास नको. परंतु जखम ओली असताना तिला धक्का लागू देऊ नये.

आदल्या रात्री घरातील व खिशातील पाकिटे, काड्यापेट्या, लायटर आणि राखदाणी काढून टाकावी. ‘अडीअडचणीला असू द्यावे’ म्हणून ठेवलेले एक पाकीटच अडचण निर्माण करते. कपडे धुवावेत, खोलीला हवा द्यावी. खिशात बडीशेप, लवंगा, फुटाणे असे काही चघळावयास ठेवावे. सुपारी मात्र नको, कारण तंबाखूवाचूनही सुपारी मुखाच्या कर्करोगास कारण होते.

येथे महाराष्ट्रापुरता एक मोठा धोका सांगणे अवश्य आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीनुसार राज्यातील पंधरा वर्षांवरील लोकांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते. परंतु तंबाखू, मिश्री इत्यादी धूरविरहित प्रकार वापरणारे २४.४ टक्के होते. अर्थात सिगारेट सोडणाऱ्याच्या भोवती चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी पुढे करणारे हात पुष्कळ असतात. ‘थोडी मळून दे’ म्हणून सुरुवात होते, आणि फुप्फुस वाचविता वाचविता तोंड गमावण्याची पाळी येते. निकोटिन तेच, बेडी तीच. फक्त हात बदलतो. विडी सिगारेटीहून सौम्य, ही समजूतही तितकीच खोटी. विडीत तंबाखू कमी असली तरी ती वरचेवर विझते, म्हणून अधिक जोराने व अधिक वेळा ओढावी लागते, आणि धुरातील विषारी द्रव्ये कमी न होता वाढतात. विजेच्या सिगारेटीवर तर देशात २०१९ पासून बंदीच आहे.

औषधांची मदत घेण्यात कमीपणा नाही. निकोटिनयुक्त च्युइंगम धूर व डांबर यांवाचून शरीराला थोडे निकोटिन पुरविते आणि पुढे हळूहळू बंद करता येते. अशा उपायांनी यश मिळण्याचा संभव साधारण दीडपट होतो. दोन मिलिग्रॅमचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते. चार मिलिग्रॅमच्या गोळीस वैद्यकीय चिठ्ठी लागते. ते नेहमीच्या च्युइंगमप्रमाणे भराभर चावावयाचे नसते. झणझणीत चव येईपर्यंत सावकाश चावून गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवावे, चव ओसरली की पुन्हा चावावे, असे सुमारे अर्धा तास. चहा पिताना अथवा त्याच्या लगेच नंतर ते घेतल्यास निकोटिन नीट शोषले जात नाही. बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन ही औषधे आहेत. ती मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. हृदयविकार असलेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी कोणताही उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा. पिंपरीच्या संत तुकारामनगरात महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. व्यसनमुक्तीचे काम करणारी ‘मुक्तांगण’ ही संस्था डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून पुण्यात १९८६ पासून उभी आहे. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. ज्या पाकिटाने बांधले त्याच पाकिटावर सुटकेचा पत्ता लिहिलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ठरलेला दिवस उजाडला की पुढे काय होते, हेही आधीच जाणून असावे. काही तासांतच अस्वस्थता सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती शिगेला पोहोचते. आणि दोन ते चार आठवड्यांत बरीचशी ओसरते. भूक वाढते, झोप बिघडते, मन उदास होते, क्वचित बद्धकोष्ठ होते. खोकला कमी होण्याऐवजी काही दिवस वाढल्यासारखा वाटतो. श्वासनलिका आपली साफसफाई पुन्हा सुरू करीत असते, त्याचे ते चिन्ह होय. ओढण्याची ऊर्मी कितीही तीव्र असली तरी ती बहुधा चार-पाच मिनिटांत उतरते. तेवढा वेळ थांबावे, दीर्घ श्वास घ्यावेत, पेलाभर पाणी घोटघोट प्यावे, चार पावले चालून यावे. ऊर्मी भागविली नाही तरी जाते, हा अनुभव पाच-दहा वेळा आला म्हणजे तिचा दरारा नाहीसा होतो. पहिल्या वर्षात वजन सरासरी चार-पाच किलो वाढते; त्याची चिंता करून सिगारेटकडे परत फिरणे म्हणजे उंदराच्या भयाने घराला आग लावणे होय.

आणि इतके करूनही एखाद्या लग्नाच्या वरातीत, अथवा गावच्या जत्रेत, एक सिगारेट ओढली गेली तर? तर ती एक सिगारेट समजावी, पराभव समजू नये. पाय घसरलेला मनुष्य उठून पुढे चालू लागतो. तो जिना खाली उतरून पुन्हा पहिल्या पायरीपासून प्रारंभ करीत नाही. कोणत्या प्रसंगाने घात केला ते वहीत टिपून ठेवावे, आणि त्याच घटकेपासून पुन्हा बंद करावी. कायमचे सोडलेल्यांपैकी बहुतेकांनी त्यापूर्वी अनेक वेळा प्रयत्न केलेले असतात.

या साऱ्या खटाटोपाचे फळ काय, तेही मोजलेले आहे. एक-दोन दिवसांत रक्तातील विषारी कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, आणि दहा वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही सुमारे निम्मा होतो. वेल्डिंगचा धूर आणि ओतकामाची धूळ ज्यांच्या छातीत रोज जाते, त्यांना तर हा भार हलका होण्याचे महत्त्व अधिकच. एका खोलीच्या बिऱ्हाडात जो धूर ओढणाऱ्याच्या मुखातून निघतो तोच लेकरांच्या श्वासात जातो, हे वेगळे सांगावयास नको. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांचा पन्नास वर्षे मागोवा घेऊन २००४ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा: आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी मरतात, साठाव्या वर्षी सोडल्यास त्यांतील सुमारे तीन वर्षे, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ, आणि तिसाव्या वर्षी सोडल्यास जवळजवळ दहाही वर्षे परत मिळतात. म्हणजे उशीर झाला असे म्हणण्याचे वय नाही, आणि थांबावयास फुरसत आहे असे म्हणण्याचेही वय नाही.

देशातील धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक ते सोडण्याच्या विचारात असतात, असे त्याच २०१६-१७ च्या पाहणीत दिसून आले. विचार आहे, निश्चयही पुष्कळदा असतो. त्यांना जोड हवी ती एका वहीची, एका ठरलेल्या दिवसाची, एका विश्वासू मित्राची आणि वेळेवर घेतलेल्या मदतीची. एवढी सामग्री ज्याने आठवडाभर आधी जमविली, त्याचा तिसरा दिवसही कठीणच जाईल. परंतु चौथा उजाडेल तेव्हा तो पाकिटावाचून पाळीवर गेलेला असेल.